रात्रीच्या फुटेजमध्ये चालता माणूस का ओढला जातो: तुमच्या दोन स्टार रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की दांडिया बाजारातल्या घराला आमच्याकडून 4 मेगापिक्सेलचे चार बुलेट कॅमेरे बसवून घेतले, दिवसा चित्र लख्ख येतं, पण रात्री फाटकासमोरून जाणारा माणूस पांढऱ्या पट्ट्यासारखा ओढला जातो आणि स्कूटरचा नंबर अजिबात वाचता येत नाही. कॅमेरे 25 फ्रेमवर चालत असूनही असं होतं, म्हणजे माल खराब आहे. बदलून द्या नाहीतर 8 मेगापिक्सेल लावा, अशी तुमची मागणी आहे. गल्लीतून गाडी चोरीला गेली आणि पोलिसांना दाखवलेल्या क्लिपचा काही उपयोग झाला नाही, हे वाचून मनापासून वाईट वाटलं. माणूस कॅमेरा लावतो तो अशाच रात्रीसाठी. म्हणून सविस्तर लिहितोय.

तुम्ही सोबत टाकलेली क्लिप एकेक फ्रेम थांबवून पाहिली. त्यात फाटकाच्या सळ्या आणि तुळशीवृंदावन अगदी रेखीव आहे. फोकस हललेला असता किंवा लेन्स बिघडली असती तर स्थिर वस्तूही पुसट दिसल्या असत्या. इथे फक्त हलणारी गोष्ट पुसट होते, आणि ते शटरमुळे होतं, म्हणजे एका चित्रासाठी कॅमेरा जितका वेळ उजेड आत घेतो त्यामुळे.

रात्री उजेड कमी पडला की ऑटोवर ठेवलेला कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, 1/25 सेकंदापर्यंत, काही मॉडेल 1/12 पर्यंतही जातात. तेवढ्या वेळात जे सरकलं ते सगळं एकाच फ्रेममध्ये सारवलं जातं. सेकंदाला 1.4 मीटर या साध्या चालीने चालणारा माणूस 1/25 सेकंदात साडेपाच सेंटीमीटर पुढे जातो, म्हणजे नाक, डोळे, मिशी सगळं एकमेकांत मिसळतं. ताशी 20 किलोमीटरने जाणारी स्कूटर तेवढ्याच वेळात 22 सेंटीमीटर सरकते. दुचाकीची मागची हाय सिक्युरिटी नंबरप्लेट 20 सेंटीमीटर रुंद असते. प्लेट स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त सरकल्यावर त्यातला एकही आकडा उरणार नाही. फ्रेमची संख्या वाढवून यात काही फरक पडत नाही. सेकंदाला 25 फ्रेम म्हणजे 25 चित्रं. प्रत्येक चित्र किती वेळ उघडं राहिलं ते शटर ठरवतं. 15 फ्रेमवरही 1/100 शटर असेल तर चेहरा स्वच्छ येतो.

तुमच्या क्लिपमध्ये आणखी एक दोष मिसळला आहे. माणूस पुढे गेल्यावरही त्याच्या मागे अर्धवट पारदर्शक छाया रेंगाळते आणि तिच्यातून भिंत दिसते. ही छाया थ्रीडी डीएनआर या सोयीची आहे. मुंग्या, म्हणजे अंधारातल्या चित्रात वळवळणारे ठिपके, कमी दिसाव्यात म्हणून कॅमेरा मागच्या-पुढच्या फ्रेम एकत्र करतो, आणि हलणाऱ्या माणसाची जुनी प्रतिमा नवीवर राहून जाते. रात्री डब्ल्यूडीआर (एकाच चित्रातला लख्ख आणि अंधारा भाग दोन्ही दिसावेत यासाठीची सोय) चालू असेल तरी साधारण असंच होतं, कारण त्यातही कमीजास्त उजेड घेतलेली चित्रं जोडलेली असतात. तिसरा प्रकार चौकोनी ठोकळ्यांचा. चालणाऱ्या माणसाभोवती ठोकळे दिसले तर बिटरेट, म्हणजे सेकंदाला साठवला जाणारा डेटा, कमी पडतोय असं समजावं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि तिन्हींना एकच नाव देऊन कॅमेरा बदलला तर नव्या कॅमेऱ्यातही तेच दिसेल.

आता सेटिंग. मोबाईल ॲपमध्ये हे बहुतेक मिळत नाही. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) टाकून आत जावं लागतं. इमेज सेटिंगमध्ये दिवसाचं आणि रात्रीचं प्रोफाइल आधी वेगळं करा. हे टाळू नका, कारण रात्रीसाठी पक्कं केलेलं शटर आणि गेन (चित्र इलेक्ट्रॉनिक पद्धतीने उजळ करणारी सेटिंग) दिवसा तसंच राहिलं तर वडोदऱ्याच्या मे महिन्यातल्या उन्हात चित्र पांढरं फटक होईल. काही कॅमेऱ्यांत दिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा असते आणि दिवसा कॅमेरा स्वतःच वेगवान शटर घेतो; तिथे हा प्रश्न येत नाही. व्हिडिओ स्टँडर्ड 50 हर्ट्झ ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि 1/50 किंवा 1/100 शटरला ते दिसत नाही. चुकून 60 हर्ट्झ राहिलं तर चित्रावर पट्टे सरकताना दिसतात.

फाटकावरच्या कॅमेऱ्यासाठी रात्रीचं शटर 1/100 करा. स्लो शटर नावाचा पर्याय असेल तर बंद. थ्रीडी डीएनआर 50 वर असतो, तो 25 ते 30 वर आणा. डब्ल्यूडीआर रात्री बंद. हेडलाइटचा झोत थेट लेन्सवर येत असेल तर त्याऐवजी एचएलसी, म्हणजे झगझगीत झोत दाबणारा पर्याय, वापरा. गेनची कमाल मर्यादा 100 पैकी 60 च्या आसपास. चित्र आधीपेक्षा गडद होईल आणि मुंग्या थोड्या वाढतील. ते चालेल. मुंग्या असलेला चेहरा ओळखता येतो, सारवलेला येत नाही. पाच मीटरवर माणूस 1/25 ला जवळपास 12 पिक्सेल पसरत होता, तो 1/100 ला 3 पिक्सेलवर येतो.

पण 1/100 म्हणजे आधीच्या चौथाई उजेडात काम, आणि ही तूट गेनने भरायची तर 12 डेसिबल लागतात. आमच्या मते घरच्या रात्रीच्या फुटेजमध्ये खरा खर्च उजेडावर करावा. तुमच्या फाटकावर दिवा नाही, महापालिकेचा खांब गल्लीच्या वळणावर आहे, आणि कॅमेऱ्यातल्या इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाच्या) एलईडींवर सगळा भार आहे. अंतर दुप्पट झालं की हा उजेड चौथाई राहतो, त्यामुळे खोक्यावर 30 मीटर लिहिलेलं असलं तरी चेहरा ओळखण्याचं काम त्याच्या बरंच अलीकडे संपतं. फाटकाच्या आतल्या बाजूला 10 वॅटचा एलईडी फ्लडलाइट किंवा निदान 9 वॅटचा बल्ब लावा, येणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल असा. दिवा माणसाच्या पाठीमागे आला तर चेहरा काळा पडतो. रात्रभर पांढरा दिवा नको असेल तर 850 नॅनोमीटरचा वेगळा इन्फ्रारेड दिवा घ्या, 12 व्होल्ट 2 अँपिअरच्या स्वतंत्र अडॅप्टरवर. 940 नॅनोमीटरचा अजिबात चमकत नाही, पण कॅमेऱ्यातल्या सेन्सरला (उजेड टिपणाऱ्या चिपला) तो कमी दिसतो, म्हणून इथे नको.

दिवा कॅमेऱ्यापासून मीटरभर तरी लांब हवा. आपल्याकडे पावसाळ्यात उजेडावर किडे तुटून पडतात आणि त्यांच्यामागोमाग कोळी जाळं विणतो. लेन्ससमोरचा एक धागा इन्फ्रारेडमध्ये जाड पांढरी दोरी दिसतो. तुमच्या क्लिपच्या उजव्या कोपऱ्यात तसा धागा आहेच. उत्तरायणानंतर (संक्रांतीच्या पतंगांनंतर) अडकलेला मांजाही काढून टाकावा. काच कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा, थिनर किंवा रॉकेल लावू नका. कॅमेऱ्याच्या डावीकडची चुन्याची भिंत चित्रात बरीच आली आहे. तिच्यावरून इन्फ्रारेड परत फिरतो, कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि फाटक अंधारात जातं. कॅमेरा थोडा उजवीकडे वळवला की ते सुटेल.

नंबरप्लेटचा विषय वेगळा, आणि इथे आम्ही स्पष्टच सांगतो: सध्याचा कॅमेरा कितीही सेट केला तरी चालत्या गाडीचा नंबर देणार नाही. त्याला 2.8 मिलीमीटरची लेन्स आहे, ओटा आणि अख्खं अंगण एका चित्रात यावं म्हणून. पाच मीटरवर ती सुमारे 12 मीटर रुंदी दाखवते, म्हणजे मीटरला साधारण 215 पिक्सेल. चेहरा ओळखायला मीटरला 250 पिक्सेल लागतात असा सर्वमान्य निकष आहे. दुचाकीच्या मागच्या प्लेटवरची 40 मिलीमीटर उंचीचे आकडे इथे जेमतेम 8-9 पिक्सेलचे होतात. गाडी उभी असली तरी वाचणं अवघड. शिवाय कॅमेरा दारावर आहे आणि गाड्या समोरून आडव्या जातात. आडवी हालचाल सगळ्यात जास्त सारवते.

नंबर हवा असेल तर एक कॅमेरा घराच्या कोपऱ्यावरून गल्लीच्या लांबीत बघणारा हवा, 6 मिलीमीटर लेन्सचा. पाच मीटरवर तो मीटरला 540 च्या पुढे पिक्सेल देतो आणि तेच आकडे 22 पिक्सेलचे होतात. गाडी कॅमेऱ्याकडे येते किंवा दूर जाते, त्यामुळे चित्रात आडवी फार सरकत नाही. जाण्याच्या रेषेशी 20 अंशांचा कोन ठेवला तर हालचालीचा तिसरा हिस्साच आडवा उरतो. शटर 1/500. एवढ्या वेगाला रस्ता जवळजवळ काळा दिसेल, पण प्लेट परावर्तक असते, इन्फ्रारेड पडला की ती एकटी उजळून निघते. धीम्या शटरला हीच प्लेट पांढरी होऊन जाते. या कॅमेऱ्यातून चेहऱ्याची अपेक्षा ठेवू नका, तो फक्त नंबरासाठी. समोरच्यांची खिडकी चित्रात येत असेल तर प्रायव्हसी मास्क टाकून झाकू.

आता 8 मेगापिक्सेल. सेन्सर त्याच आकाराचा असेल तर तेवढ्याच जागेत दुपटीहून जास्त पिक्सेल बसतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्याहून कमी उजेड येतो. दिवसा चित्र जास्त बारीक दिसेल, रात्री तुमची तक्रार वाढेल. बदलायचाच असेल तर 4 मेगापिक्सेलच राहू द्या आणि 1/1.8 इंच सेन्सर, एफ 1.0 लेन्सचा बघा (एफचा आकडा जितका लहान तितका लेन्स जास्त उजेड घेते). एफ 1.6 च्या तुलनेत एफ 1.0 अडीचपट उजेड आत घेते. तोही घाईने घेऊ नका, आधी दिवा लावून बघा.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात. फाटकावरच्या कॅमेऱ्याचा बिटरेट 4096 (केबीपीएस) करा, आय-फ्रेम अंतर (किती फ्रेमनंतर एक पूर्ण चित्र साठवायचं) 25, स्मार्ट कोडेक (जागा वाचवायला डेटा आणखी दाबणारा पर्याय) बंद. मुंग्या आणि पाऊस बिटरेट खातात, म्हणून रात्री तो कमी पडतो. 4096 ला एक कॅमेरा दिवसाला 44 जीबी घेतो. बाकीचे तीन 2048 वर ठेवले तर एकूण 110 जीबी, म्हणजे तुमच्या 1 टीबी डिस्कवर नऊ दिवसांचं रेकॉर्डिंग राहील.

पोलिसांना दिलेली क्लिप मोबाईल ॲपमधून काढून व्हॉट्सॲपवर पाठवली होती असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. ॲप अनेकदा सबस्ट्रीम, म्हणजे कमी दर्जाची हलकी प्रत, दाखवतं, आणि व्हॉट्सॲप ती आणखी दाबतं. रेकॉर्डरला पेनड्राइव्ह लावून मेन स्ट्रीमची, म्हणजे पूर्ण दर्जाच्या रेकॉर्डिंगची, मूळ फाइल काढा. त्यातून नंबर मिळेल असं नाही, पण गाडीचा प्रकार, रंग, वेळ नक्की जास्त स्पष्ट कळेल. मूळ फाइल आणि रेकॉर्डर जपून ठेवा. पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63(4) प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. फोटो स्वच्छ करून देणाऱ्या एआय ॲपमधून नंबर काढू नका. सारवलेल्या प्लेटमध्ये आकडे नसतातच. ते ॲप स्वतःच्या अंदाजाने आकडे भरतं, आणि एखाद्या निर्दोष माणसाच्या दारात पोलीस जातील.

ही सेटिंग दिवसा करून उपयोग नाही, अंधार पडल्यावरच करावी लागते. आमचा माणूस रात्री आठनंतर तुमच्याकडे येईल, त्याचे पैसे लागणार नाहीत. दुकानाच्या नंबरवर सोयीचा दिवस कळवा, आणि कॅमेऱ्याचा ॲडमिन पासवर्ड हाताशी ठेवा. तो फाटकावरचा कॅमेरा वळवेल, वर लिहिलेले आकडे भरेल, घरातल्या कोणाला तरी फाटकातून आत-बाहेर चालायला लावेल, मग स्कूटर नेऊन बघेल, आणि रेकॉर्डरमधून मेन स्ट्रीमची क्लिप काढून तुमच्यासमोर टीव्हीवर लावेल. त्याच वेळी बल्ब लावून आणि बल्ब बंद करून, दोन्ही बघा. नंबरासाठी गल्लीचा वेगळा कॅमेरा घ्यायचा की नाही ते त्यानंतर ठरवा.