सिंगल हँड, कमी रनिंग, पेपर क्लिअर

तुमच्या पडवीत ताडपत्रीखाली एक मोटारसायकल उभी आहे आणि ती विकायची आहे, असं तुम्ही गेली चार वर्षं सांगताय. उत्तम. पण गाडी विकायला काढली की ती खरोखरच विकली जायचा धोका असतो. तो कसा टाळावा, याबद्दल चार अनुभवाचे शब्द.

जाहिरात कशी लिहायची ते वर मथळ्यातच दिलं आहे. त्यातल्या 'कमी रनिंग'वर जोर द्या. ११ वर्षांत ९,००० किलोमीटर, म्हणजे महिन्याला सत्तरच्या आत. मालवणहून कुडाळला एकदा जाऊन आलं की महिन्याचा कोटा संपला. हे अभिमानानं सांगावं. नाहीतरी आपल्याकडे घरंसुद्धा कमी रनिंगचीच असतात. गणपतीत दहा दिवस, मे महिन्यात पंधरा, बाकी वर्षभर कुलूप. कुलपातलं घर किती छान राहतं ते आपण दर चतुर्थीच्या आदल्या दिवशी बघतोच: कौलं सरकलेली, चौकटीला वाळवी, माजघरात वटवाघूळ. गाडीचं वेगळं काय होणार? फक्त गाडीच्या बाबतीत त्याला 'जपलेली' म्हणतात.

मग फोटो. तारकर्लीच्या किनाऱ्यावर न्या, मागे लाट फुटताना दिसली पाहिजे. स्टँड वाळूत रुतेल, त्याखाली करवंटी घाला. सूर्य बुडताना काढलात तर रिमवरचे ठिपके सोनेरी दिसतात. आणि त्याला गंज म्हणायचं नाही. 'जरा खारं वारं लागलंय' म्हणायचं. परत आल्यावर गोड्या पाण्यानं धुवायचा आळस करा, म्हणजे पुढच्या फोटोपर्यंत स्पोकही सोनेरी होतील.

गिऱ्हाईक विचारेलच, "इतकी उभी असते, मग चालू होते का?" इथे तुमचं हुकमी वाक्य टाका: "दर रविवारी सकाळी पाच मिनिटं स्टँडवर चालू करतो." हे वाक्य कोकणातल्या प्रत्येक पडवीत ऐकू येतं आणि प्रत्येक मेकॅनिक ते मान खाली घालून ऐकतो. पाच मिनिटांत इंजिन धड तापत नाही. सायलेन्सरमध्ये जमलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडण्याऐवजी आतच राहतं आणि पत्रा आतून खातं. इंजिनातलं थोडं ऑइलमध्येही उतरतं. सेल्फ मारताना बॅटरीतून जितकं जातं, तितकं त्या पाच मिनिटांत भरूनही येत नाही. टाकीत मागच्या शिमग्याचं पेट्रोल, आणि हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, जे हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या जिल्ह्यात त्याला ओलाव्याची काय कमतरता! इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल सुकून चिकट होतं आणि त्यातलं बारीक भोक, म्हणजे जेट, तुंबतो. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं असेल, तर ते मोडायचं पाप कशाला घ्या?

आमच्या मेकॅनिकनं एकदा माझी गाडी तपासली आणि पान्हा खाली ठेवून म्हणाला, "काकानू, ही आजारान मराक नाय. तुमच्या मायेन मेली." त्या दिवसापासून मी मेकॅनिक बदलला. तुम्हीही बदला.

गिऱ्हाईक एकटं कधी येत नाही. सोबत एक जाणकार असतो, लुंगी वर खोचलेला, तोंडात पान. त्याला गाडी घ्यायची नसते, त्यामुळे त्याला सगळं दिसतं. तो वाकून टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचतो. २३१४. म्हणजे २०१४ सालातला तेविसावा आठवडा.

"टायर चौदा सालचो."

तुम्ही म्हणा, "पण नक्षी बघा, जशीच्या तशी आहे!"

"नक्षी आसा," तो कडेच्या भेगांत नख घालून म्हणेल, "टायर खंय आसा?"

अशा माणसाला ताबडतोब कोकम सरबत द्यावं आणि विषय आंब्यावर न्यावा.

तरीही सौदा पुढे सरकलाच, तर किंमत हा आपला शेवटचा बालेकिल्ला. शोरूममधून आणताना दिलेले पैसे धरा. त्यात दरवर्षीचं पॉलिश, दोन ताडपत्र्या आणि 'आता असली गाडी मिळत नाही' याचे वेगळे. हे शेवटचं तर खरंही आहे. १ एप्रिल २०२० ला बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम, आले आणि कार्बोरेटरवाल्या गाड्या शोरूममधून जवळजवळ गेल्याच. म्हणून दरवर्षी भाव चढवत न्या. वर हे सांगायचंच: "दोन वर्षांपूर्वी एक जण ५५ हजार हातावर ठेवत होता, मीच नाही म्हटलं." हा ५५ हजारवाला प्रत्येक गावात येऊन गेलेला असतो. तो कुठून आला नि कुठे गेला, कोणी पाहिलेलं नाही.

कागदपत्रांबाबत फार ताण घेऊ नका. 'पेपर क्लिअर' म्हणजे विमा संपलेला, पीयूसी संपलेली आणि आरसीवर अजून कर्ज देणाऱ्याचं नाव. ते फॉर्म ३५ देऊन काढायचं असतं म्हणे, राहू द्या. गिऱ्हाईक म्हणालं, "नावावर मागाहून करू," तर फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून मोकळे व्हा. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, पण चौदा दिवस म्हणजे काय, एक वाडीची बैठक लांबली की गेले. आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ज्याचं नाव नोंदीत तोच मालक, अपघाताची भरपाईही त्याच्याच गळ्यात, असं सांगितलं असलं तरी त्यात वाईट काय? गाडी गेली तरी नातं तुटत नाही. कणकवलीत कोणी हेल्मेटशिवाय फिरलं की चलन तुमच्या मोबाइलवर येतं. आठवण राहते.

खरा धोका मात्र वेगळ्याच माणसाचा. एक दिवस बंदरावरचा एक पोरगा येईल. जाणकार नाही, घासाघीस नाही. टायर, बॅटरी, चेन सगळं बघून म्हणेल, "काका, हां खर्च माजो मी करतंय. चाळीस देतंय, रोख. उद्या आरटीओत जावया." तुम्ही सहज विचाराल, गाडी कशाला हवी? तो सांगेल, पहाटे लिलावातून मासळी उचलायची, मागे क्रेट बांधायची, रोज साठ-सत्तर किलोमीटर गावोगाव.

रोज! म्हणजे तुमचं महिन्याचं रनिंग एका सकाळी. त्या सीटमागे बांगड्यांची क्रेट, आणि सीटवरून ओघळणारं बर्फाचं पाणी. डोळ्यांसमोर आणा. आता कळलं ना, आपण काय वाचवत होतो?

त्याला सांगा, "घरात विचारून कळवतो." तो पायऱ्या उतरून गेला की ताडपत्री नीट ओढून घ्या, चारी कोपऱ्यांना चिरे ठेवा. सीटवर कोंबडी बसली असेल तर तिला उठवू नका. तिच्यानं रनिंग वाढत नाही.