शिकागोत न्यायाधीश व्हायचंय? आधी बारसं उरका

तुम्ही शिकागोच्या एखाद्या उपनगरात राहता, इलिनॉय राज्याची वकिलीची सनद खिशात आहे, आणि आता न्यायासनावर बसावंसं वाटू लागलंय. छान. इथे न्यायाधीश नेमत नाहीत, मतदार निवडून देतात. राज्यघटनेच्या अटी तीनच: अमेरिकेचं नागरिकत्व, सनद आणि त्या भागातला मुक्काम. वकिली किती वर्षं केली, हे ती विचारत नाही. तुम्हीही आपण होऊन सांगू नका.

अडचण आहे ती तुमच्या आडनावाची. कुलकर्णी! कुक काउंटीचा, म्हणजे शिकागो ज्या जिल्ह्यात येतं तिथला, मतदार अध्यक्षापासून सुरुवात करून मतपत्रिकेच्या तळाशी न्यायाधीशांपर्यंत पोचतो तेव्हा त्याचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. समोर अनोळखी नावांची रांग. मग कानाला ओळखीचं वाटेल त्यावर तो खूण करतो, आणि शिकागोत कानाला ओळखीचं म्हणजे आयरिश. त्यात बाईचं नाव असेल तर दुधात साखर.

तेव्हा नाव बदला. लाजताय कशाला? अंकशास्त्र्याच्या सांगण्यावरून नावात एक जादा 'ए' घुसवणारे आपल्याकडे कमी आहेत का? फिलिप स्पिवाक नावाचे वकील २०१० मध्ये शेजारच्या विल काउंटीत रिपब्लिकन म्हणून न्यायाधीशपदाला उभे राहिले आणि पडले. २०१२ मध्ये ते कायदेशीरपणे शॅनन पी. ओ'मॅली झाले. २०१८ मध्ये कुक काउंटीत डेमोक्रॅट म्हणून निवडून आले. शॅनन हे नाव पुरुषाचंही असतं, बाईचंही. एका दगडात किती पक्षी, तुम्हीच मोजा.

घाई मात्र नको. असले नामकरण सोहळे फार वाढले म्हणून २००७ मध्ये कायदा झाला: गेल्या तीन वर्षांत नाव बदललं असेल तर मतपत्रिकेवर जुनंही छापायचं. म्हणजे 'ओ'मॅली, पूर्वाश्रमीचे कुलकर्णी'. सगळं मुसळ केरात! म्हणून तीन वर्षं कळ काढा. लग्न करून जोडीदाराचं आडनाव लावलं तर कायद्याची हरकत नाही, पण तो खर्च मोठा.

बार असोसिएशनवाले, म्हणजे वकिलांच्या संघटना, उमेदवारांची छाननी करून 'पात्र', 'अपात्र' असे शेरे देतात. देऊ द्या. ते शेरे वाचणाऱ्यांची मतं तशीही तुम्हाला पडणार नाहीत. त्यापेक्षा पक्षाच्या दारात उभे राहा. मार्चमधली डेमोक्रॅटिक प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, मारली की बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरात समोर कुणी नसतंच.

म्हणून लगेच झगा शिवायला टाकू नका. २०१६ मध्ये प्रायमरी जिंकलेल्या एका उमेदवार बाईंनी नोव्हेंबरची वाट न पाहता ऑगस्टमध्येच न्यायाधीशाचा झगा चढवला आणि खुर्चीत बसून वाहतुकीचे खटले ऐकले. फौजदारी आरोप लागले, सनद निलंबित झाली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शपथेला मनाई केली. मतदारांनी काय केलं? निवडून दिलं. यादीत नाव होतं ना!

एकदा बसलात की गंगेत घोडं न्हालं. सहा वर्षांनी फक्त 'ठेवायचं की नाही' एवढाच प्रश्न. विरोधक नाही, पक्षाचं चिन्ह नाही, साठ टक्के 'हो' मिळाले की पुन्हा सहा वर्षं. २०२४ च्या यादीत अशी सत्तरहून अधिक नावं होती. एवढ्या गर्दीत तुम्हाला कोण हुडकणार? १९९० नंतर मतदारांनी एखाद्या न्यायाधीशाला घरी पाठवलं ते थेट २०१८ मध्ये, आणि त्यासाठी त्याच्या विरोधात डेमोक्रॅटिक पक्षाला स्वतः उतरावं लागलं.

पथ्य एकच. प्रचाराला गावाहून आईला बोलावू नका. भर सभेत ओ'मॅलीसाहेबांना ती "अरे सुध्या, जेवलास का?" म्हणून हाक मारील.