बदनाम खेळाडूंची कार्डं घेऊन ठेवा म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

काल रात्री भाच्याचा मेसेज आला, "मामा हे खरंय ना?", सोबत बदनाम खेळाडूंची कार्डं घ्या सांगणारा तो फिरता मेसेज आणि खाली फोटो. अमेरिकन बेसबॉलपटू मार्क मॅकग्वायरची, टॉप्स कंपनीने 1987 मध्ये छापलेली कार्डं (खेळाडूचा फोटो असलेली, लोक जमवतात ती), लाकडी फळीसारखी तपकिरी बॉर्डर असलेली, वीस-पंचवीस तरी असतील, पत्त्यांसारखी पलंगावर पसरलेली, प्रत्येक वेगळ्या स्लीव्हमध्ये. म्हणजे विचारायच्या आधीच घेऊन मोकळा. हा मेसेज मला याआधी तीनदा आलाय आणि तिन्ही वेळा मी सोडून दिला, पण आता घरातल्या पोराने साठवलेले पैसे त्यात गेलेत तर लिहायलाच पाहिजे.

मेसेज थोडक्यात असा आहे: खेळाडू बदनाम झाला, अटक झाली, की त्याची कार्डं पडेल भावात मिळतात, तेव्हाच उचला. कंपनी कार्डं मागे घेते म्हणून ती दुर्मिळ होतात. लोक विसरतात, बंदी आलेले बेसबॉलपटू जो जॅक्सन आणि पीट रोझ बघा. मायकल विकची तर कुत्र्यांनी चावलेली कार्डंसुद्धा 7,400 डॉलरला गेली. सही असेल तर डबल फायदा. आणि खेळाडूला यातून काही मिळत नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

आधी विकचंच घेतो, कारण ते वाचून माझं डोकंच फिरलं. विक अमेरिकन फुटबॉलपटू, 2001 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला निवडलेला, त्याच्या रूकी कार्डांना (खेळाडूच्या पहिल्या मोसमातली कार्डं) तेव्हा केवढी मागणी होती. 2007 मध्ये त्याच्या व्हर्जिनियातल्या जागेवर कुत्र्यांच्या झुंजींचा धंदा उघडकीला आला, त्याने गुन्हा कबूल केला, 23 महिन्यांची शिक्षा झाली. नीट न लढणाऱ्या कुत्र्यांना फाशी देऊन, पाण्यात बुडवून मारलं होतं, हे त्या कबुलीजबाबातच आहे. वाचवलेल्या कुत्र्यांच्या देखभालीसाठी कोर्टाने त्याला 9 लाख 28 हजार डॉलर भरायला लावले. त्याच वर्षी मिसुरीतल्या एका बाईने चिडून आपल्याकडची विकची कार्डं स्वतःच्या कुत्र्यांना चावायला दिली, दातांच्या खुणा पडलेली, फाटलेली कार्डं लिलावात ठेवली आणि सगळे पैसे प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यायचं जाहीर केलं. 7,400 डॉलर आले ते असे! ते पैसे त्या कुत्र्यांच्या नावाने दिलेली देणगी होती, आणि मेसेजवाल्याने ती बदनामीतून झालेली कमाई म्हणून पोरांपुढे ठेवली. ज्यांना मारलं त्यांच्याबद्दल एक शब्द नाही. हे वाचून सोळा वर्षांचं पोरगं काय शिकणार, की कुणाला अटक झाली की आधी बाजारभाव बघायचा?

आता कंपनी कार्डं मागे घेते हा मुद्दा. अर्धं खरं आहे. 2013 मध्ये फुटबॉलपटू आरन हर्नांडेझला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली तेव्हा कार्डं छापणाऱ्या पनिनी कंपनीने पुढच्या प्रॉडक्ट्समधून त्याला काढलं. पण काढलं ते पुढच्यातून. तो 2010 पासून खेळत होता, तीन वर्षांची कार्डं आधीच लोकांच्या डब्यांत पडलेली होती, ती काय कंपनी घरोघरी जाऊन गोळा करणार? 2015 मध्ये तो ओडिन लॉइड यांच्या खुनात दोषी ठरला. एक माणूस जिवानिशी गेला आणि मेसेजमध्ये त्याला नुसतं "खरेदीची संधी" म्हटलंय.

भाच्याच्या मॅकग्वायरबद्दल. याने 1987 मध्ये 49 होमरन (बेसबॉलमधला षटकारासारखा फटका) मारले, रूकीसाठी तो विक्रम होता, मग 1998 मध्ये 70 मारले आणि सगळे त्याच्या कार्डांमागे धावले. जानेवारी 2010 मध्ये त्याने स्टेरॉइड घेतल्याचं स्वतः कबूल केलं. मेसेजच्या हिशोबाने तेव्हा घेतलेली कार्डं आज वर जायला हवी होती, पण 1987 चं हे कार्ड आजही चिल्लर भावात मिळतं. कारण साधं आहे, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की ती संपतच नाहीत. त्याच सेटमध्ये बॅरी बॉन्ड्स आहे, 762 होमरनवाला, त्याचंही तसंच.

जॅक्सन आणि रोझ मात्र मान्य करतो, त्यांची जुनी कार्डं खरंच महाग आहेत. पण का महाग आहेत ते तरी बघा. 1919 च्या वर्ल्ड सिरीजच्या फिक्सिंगपायी 1921 मध्ये शिकागोच्या संघातल्या जॅक्सनसकट आठ जणांवर कायमची बंदी आली. डाग आठही जणांवर सारखाच, तरी जॅक्सनच्या भावाच्या आसपास बाकी सातांपैकी कुणी पोचत नाही. त्या सातांतल्या एडी सिकॉटसारख्याच्या कार्डाला त्या प्रकरणामुळे थोडं जास्त मिळतं, बास. जॅक्सनची बॅटिंग सरासरी फार वरची, .356 च्या घरातली, आणि त्याचं रूकी कार्ड शंभरहून जास्त वर्षांपूर्वी कॅरॅमलच्या गोळ्यांबरोबर मिळायचं, पोरांनी हाताळून फाडून टाकलेलं, शिल्लकच किती राहिलं असेल.

रोझचं तर माझ्याकडेच आहे. त्याचं 1963 चं रूकी कार्ड, ज्यावर चार जणांची छोटी छोटी डोकी आहेत आणि त्यातलं एक त्याचं, ते मला परवडणारं नाही. पण 1989 च्या टॉप्समध्ये तो सिनसिनाटी रेड्स संघाचा मॅनेजर म्हणून आहे, त्याच ऑगस्टमध्ये बेटिंगपायी त्याच्यावर बंदी आली. म्हणजे ऐन बदनामीच्या वर्षाचं कार्ड, बदनामीने भाव येत असता तर याला यायला हवा होता ना? ते मला मित्राने फुकट दिलं, माझा सेट पूर्ण व्हावा म्हणून. 2025 मध्ये रोझ आणि जॅक्सन दोघांचीही नावं बंदीच्या यादीतून काढली, तरी त्या कार्डाला कुणी विचारत नाही.

सहीचं म्हणाल तर रोझ वर्षानुवर्षं लास वेगासमध्ये टेबल टाकून सह्या द्यायचा, पैसे घेऊन, हजारोंनी. म्हणूनच 4,256 हिट्स मारणाऱ्या माणसाची सहीसुद्धा स्वस्तात मिळते. आणि खेळाडूला काही मिळत नाही म्हणता ते जुनं कार्ड हातोहात विकलं तर खरं, सही खेळाडूकडूनच विकत घेतली की पैसे त्याच्याच खिशात जातात. माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनविरुद्ध 1997 मध्ये दोन खुनांच्या प्रकरणात दिवाणी कोर्टाने 3 कोटी 35 लाख डॉलरचा निकाल दिला, मारल्या गेलेल्या दोघांच्या घरच्यांना त्यातला मोठा हिस्सा तो जिवंत असेपर्यंत मिळालाच नाही, आणि त्या काळात हा माणूस सह्या करत होता.

ही कार्डं ठेवूच नका असं मी म्हणत नाही, सेट पूर्ण करणाऱ्याला ती लागतातच. भाच्याला सांगितलंय की पंचवीसातलं कोपरे धारदार असलेलं एक ठेव, बाकी सेट जमवणाऱ्यांना देऊन टाक, आणि ज्यांना ज्यांना तू तो मेसेज पाठवलास त्यांना हेही पाठव. अकरा जणांना पाठवला होता म्हणे.