प्लग घट्ट बसेल असे सॉकेट आहे का?

गाणे ऐकण्याच्या यंत्रणेसाठी भिंतीवर कोणते सॉकेट बसवावे, एवढा साधा प्रश्न घेऊन बाजारात गेलेल्या माणसाची एक तर लूट होते नाही तर हेटाळणी, आणि याविषयी एकदा स्पष्ट बोलणे मला आता भाग आहे. या दोहोंपलीकडचा तिसरा पर्याय, म्हणजे सरळ उत्तर, मला अजून कोणत्याही काउंटरवर मिळालेला नाही.

लुटीपासून सुरुवात करतो. उंची ऑडिओ विकणाऱ्या वातानुकूलित दालनात आपल्याला सोफ्यावर बसवतात, कॉफी पाजतात आणि दागिना दाखवावा तसे डबीतून एक सॉकेट बाहेर काढतात. त्याच्या आतल्या पट्ट्यांवर रोडियम या मौल्यवान धातूचा मुलामा असतो, धातू द्रवरूप नायट्रोजन वापरून उणे १९६ अंशांच्या आसपास गोठवून काढलेला असतो आणि एवढ्या तपश्चर्येमुळे आवाजामागची पार्श्वभूमी ‘काळीभोर’ होते, असे सांगितले जाते. किंमत ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोरची पार्श्वभूमी खरोखरच काळीभोर होते. कहर म्हणजे हे सॉकेट बऱ्याचदा अमेरिकी चपट्या पिनांचे असते आणि त्यावर १२५ व्होल्टांची मर्यादा छापलेली असते. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात आणि आपले प्लग गोल पिनांचे असतात, तेव्हा ‘मध्ये एक अडॅप्टर लावा’ असा सल्ला तोच विक्रेता निर्विकारपणे देतो. जोडातला अडथळा कमी व्हावा म्हणून एवढे पैसे मोजायचे आणि मग स्वतःच्या हाताने आणखी एक जोड वाढवायचा, यात काही विसंगती आहे असे त्याला वाटत नाही.

रोडियम हा तांब्याच्या निम्म्यानेही वीज वाहून नेत नाही, हे धातूंच्या वाहकतेच्या तक्त्यात पाहता येते. तो कठीण असतो आणि सहसा काळवंडत नाही, हा त्याचा खरा गुण. पण तो सांगून एवढी किंमत कशी वसूल होणार? ॲम्प्लिफायर भिंतीतली वीज स्पीकरला जशीच्या तशी देत नाही. ती आधी ट्रान्सफॉर्मरमधून जाते, मग तिचे एकदिश विजेत रूपांतर होते, मग ती मोठ्या कपॅसिटरांमध्ये साठते आणि त्या साठ्यातून गाणे उभे राहते. मीटरपासून दिवाणखान्यापर्यंत पंधरा मीटर अंतर धरा आणि दीड चौरस एमएमची तांब्याची वायर धरा. अशा वायरचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम असतो, म्हणजे जाऊन-येऊन तीस मीटरांना सुमारे ०.३६ ओहम. दोनशे वॉट खेचणारा ॲम्प्लिफायर एक अँपियरही घेत नाही, तेव्हा या सगळ्या वाटेवर व्होल्टचा जेमतेम तिसरा हिस्सा गळतो. दुपार आणि संध्याकाळ यांच्यात आपल्याकडचा दाब दहा-पंधरा व्होल्टांनी सहज वरखाली होतो, आणि हे महाशय शेवटच्या दोन इंचांच्या पट्टीवर मुलामा चढवून मला संगीत शुद्ध करून देणार आहेत!

आता हेटाळणी. पुण्याची तापकीर गल्ली असो किंवा मुंबईची लोहार चाळ, सॉकेट विकत घ्यायला माणूस तिथेच जातो, आणि तिथे चांगला मालही मिळतो. पण चांगला कोणता, असे विचारले की ‘साहेब, सगळे सारखेच, रंग कोणता देऊ?’ हे उत्तर येते. अभियंता म्हणवणारे माझे मित्रही तेच म्हणतात आणि वर हसतात. सगळे सारखे मुळीच नसते. चपटी, गोल, जाड, बारीक अशी जगातली कोणतीही पिन घेणारे जे ‘युनिव्हर्सल’ सॉकेट बिल्डर घाऊक भावात घरोघर बसवतात, त्याच्या पट्ट्या कोणत्याच पिनेला धड पकडत नाहीत. प्लग त्यात लोंबकळतो, पंख्याच्या वाऱ्याने तारेला झोका बसला तरी आत ठिणगी उडते, स्पीकरमधून कडकड ऐकू येते आणि काही महिन्यांत प्लास्टिक पिवळे पडते. आवाजावर सॉकेटचा परिणाम होतो तो असा होतो. त्यावर उपाय सोन्याचा नाही. भारतीय मानक आयएस १२९३ प्रमाणे बनवलेले, ६ अँपियरचे तर ६ चे आणि १६ चे तर १६ चेच, पिन घट्ट धरणारे साधे पितळी पट्ट्यांचे सॉकेट हा उपाय आहे. ते दाखवा म्हटले की दुकानदार माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहतो, कारण आता ‘मॉड्युलर’मध्ये काचेची पट्टी आणि निळा दिवा असलेलेच जास्त खपते.

परदेशी ॲम्प्लिफायर घेणाऱ्यांची तर उघड फसवणूक चालते. युरोपातून आलेल्या यंत्राबरोबर जी तार येते तिच्या प्लगला सहसा अर्थिंगची, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारी, तिसरी पिन नसते. तिथे ती जोडणी प्लगच्या कडेच्या पट्ट्यांतून होते. तो प्लग आपल्या सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत सैलसर शिरतो, यंत्र सुरू होते, आणि विक्रेता ‘बसतो की!’ म्हणून मोकळा होतो. बसतो खरा, पण अर्थिंग कुठेच जोडले जात नाही, आणि धातूच्या पेटीचे ते जड यंत्र तसेच चालत राहते. दोनशे रुपयांत योग्य तीन पिनांची तार मिळते, ही गोष्ट लाखाचे यंत्र विकणाऱ्याला माहीत नसावी, हे मला पटत नाही.

त्याहून संतापजनक म्हणजे वायरमनचा रामबाण उपाय. टीव्हीची पेटी एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर, आणि केबलवाल्याची तार तिसऱ्याच कुठल्या इमारतीवरून आलेली असली की जमिनीशी जोडणाऱ्या वाटा एकाहून अधिक होतात, त्यांच्या विभवांत थोडा फरक पडतो आणि जोडतारेच्या आवरणातून प्रवाह फिरून स्पीकर गुणगुणू लागतात. सगळी यंत्रे एकाच बोर्डावर आणली आणि केबलच्या तारेला आयसोलेटर, म्हणजे तिची जमिनीशी असलेली जोडणी तोडणारा तुकडा, लावला की बहुतेक वेळा हे थांबते. पण आमचे महाशय पक्कड काढतात आणि म्हणतात, ‘वरची पिन कापून टाकू, आवाज जाईल.’ आवाज जाईल हे खरे. उद्या आत फेजची, म्हणजे वीज आणणारी, तार सुटून पेटीला लागली तर त्या पेटीला हात लावणाराही जाईल. वरची पिन जाड आणि लांब ठेवली आहे ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी म्हणून, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती माझ्या घराचा बोर्ड मी का द्यावा?

ही गुणगुण काही किरकोळ नसते. मुख्य विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ, आणि रेक्टिफायरनंतर, म्हणजे एकदिश विजेत रूपांतर झाल्यावर, ती १०० होते. हा स्वर हार्मोनियमच्या पांढरी पाचपेक्षा किंचित चढा पडतो. गायकाचा षड्ज काळी एकचा असेल, तर भिंतीतली वीज त्याच्या मागे सतत एक बेसूर तीव्र मध्यम धरून बसते. राग भूप असेल, जिथे मध्यम मुळातच वर्ज्य, तर मनःस्ताप किती होतो ते ऐकणाऱ्यालाच विचारावे. आणि हा दोष सॉकेट बदलून जात नाही, हे कोणी सांगत नाही. कधी दोष खोलीतल्या जुन्या इलेक्ट्रॉनिक पंखा-रेग्युलेटरचा असतो, जो विजेची लाट कापतो. कपॅसिटरचा टप्प्याटप्प्यांचा रेग्युलेटर बसवला की घरघर थांबते. कधी दोष चौकोनी लाट देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरचा असतो.

शेवटी प्रश्न इमारतीच्या अर्थिंगचा उरतो, आणि तिथे आमच्या सोसायटीची समिती मला भेटते. न्यूट्रल, म्हणजे विजेच्या परतीची तार, आणि अर्थिंग यांच्यात मल्टिमीटरने दोन-तीन व्होल्टांच्या आत दाब दिसला पाहिजे. आमच्याकडे तो संध्याकाळी त्याच्या कितीतरी पट जातो, आणि मी आकडे लिहून दिले तर ‘तुमच्या त्या मोठ्या स्पीकरांमुळे असेल’ असे उत्तर मिळाले. अर्थिंगचा खड्डा उकरून तपासण्याचा विषय प्रवेशद्वाराच्या रंगकामानंतर घेऊ, असे ठरले आहे. कोणता रंग, यावर मात्र बैठकीत दोन तास चर्चा झाली.