झोंबतंय म्हणजे गुण येतोय? कोणी सांगितलं?

‘मोबाईलच्या निळ्या प्रकाशाने मुलांच्या अश्रुग्रंथी जळतात. निळा प्रकाश अडवणारा चष्मा लावा. रोज रात्री लिंबूरस आणि मधाचे दोन थेंब डोळ्यांत घाला. झोंबलं तर समजा घाण निघतेय. दुकानातले थेंब नकोत, सवय लागते.’ हा संदेश सगळीकडे फिरतोय. काल ताईने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘हिला घालून बघू का?’ ही म्हणजे माझी चौदा वर्षांची भाची. तिचे डोळे महिनाभर चुरचुरतायत.

ताई, लिंबू खाली ठेव.

अश्रूंचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) साधारण 7.4, लिंबाच्या रसाचा दोन ते तीन. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट होते. म्हणजे इथला फरक दहा हजार पटींहून मोठा. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, हा शरीरातला अत्यंत संवेदनशील भाग, आणि कोरड्या डोळ्यात (चुरचुरण्याचं हे नेहमीचं कारण) त्याच्यावरचं अश्रूंचं आवरण आधीच विरळ झालेलं असतं. तिथे आम्ल पडलं की ते धुऊन काढायला डोळा घळाघळा पाणी सोडतो. त्या पाण्याला हे महाशय ‘घाण निघतेय’ म्हणतात! मधाचं म्हणाल तर डोळ्यांसाठी मुद्दाम निर्जंतुक करून बनवलेल्या मधाच्या थेंबांवर अभ्यास झालेत, एवढं मान्य. बरणीतला मध निर्जंतुक नसतो, त्यात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. आणि लिंबू त्या अभ्यासांत कुठून येणार?

अश्रुग्रंथी ‘जळत’ वगैरे नाहीत. मोबाईल दोषी आहे, पण वेगळ्या कारणाने. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे एकटक बघताना हे प्रमाण निम्म्याखालीही येतं. त्यातही बऱ्याचदा पापणी अर्धीच मिटते. मग पापणीच्या कडेच्या ग्रंथींमधलं तेल अश्रूंवर नीट पसरत नाही आणि पाणी भराभर उडून जातं. आता निळा प्रकाश अडवणारा चष्मा लावून पापण्या जास्त मिटणार आहेत का? 2023 साली कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधनाचा एकत्रित आढावा घेणारी संस्था) अशा चष्म्यांवरच्या 17 चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या भिंगांच्या तुलनेत डोळ्यांचा थकवा कमी झाल्याचं, निदान अल्पकाळात तरी, त्यांत दिसलं नाही. त्यापेक्षा दर वीस मिनिटांनी लांब बघायचं, पापण्या पूर्ण मिटायच्या. फुकट आहे.

थेंबांची सवय? कृत्रिम अश्रूंची, म्हणजे डोळ्यांना ओलावा देणाऱ्या थेंबांची, लागत नाही. परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) असलेले थेंब दिवसातून बऱ्याच वेळा घातले तर त्रास होऊ शकतो, तेव्हा बिनपरिरक्षकाचे घ्यावेत. लाली घालवणारे थेंब मात्र वेगळे: ते रक्तवाहिन्या आकसवतात आणि बंद केले की लाली उलटून येते. बहुधा त्यांचीच बदनामी इथे चिकटली आहे.

जे विचारायला हवं ते संदेशात नाहीच. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू आहे का? पापणीच्या कडेच्या त्या तेलग्रंथी तिनेही मंदावतात. ॲलर्जीच्या गोळ्या? कॉन्टॅक्ट लेन्स? लेन्स लावणाऱ्या मुलीचा डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसायला लागलं, तर लेन्स काढायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

आणि कोणी लिंबू घालून बसलंच असेल, तर डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवा, मग तडक नेत्रतज्ज्ञाकडे. चोळू नका.