जर्मन घड्याळ आणि सावद्याचा काटा

सावद्याला रस्त्यालगत आमचा गाड्यांचा वजनकाटा आहे. पत्र्याची केबिन, आत कॉम्प्युटर आणि मी. मे महिन्यात दोघांचंही भरीत होतं. इंटरनेट लाईटसारखंच, मनात आलं तर.

मागे एक केळीची गाडी रिकामी काट्यावर चढली, पावती निघाली. भरून आली तोवर लाईट जाऊन आली होती आणि कॉम्प्युटरमधला रुपयाएवढा सेल मेला होता. दुसऱ्या पावतीवर तारीख छापली: १ जानेवारी २००९. ड्रायव्हरने ती दोनदा वाचली.

"भो, रिकामा आज आलो अन् भरून तव्हाच गेलो? शेठ मले विचारीन ना, इतक्या वर्षांत केळी पिकली कशी नाही!"

सेल बदलला, तरी घड्याळ मागे पडायचं ते पडतंच. बंद कॉम्प्युटरची वेळ एक क्वार्ट्झचा स्फटिक सांभाळतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरून. त्याला मानवतं २५ अंश. त्याहून गरम झालं की तो मंदावतो, गार झालं तरी मंदावतो. पंचेचाळीस अंशांत माझंही तेच होतं, पण मला कुणी स्फटिक म्हणत नाही.

अण्णांचा उपाय ट्रान्झिस्टर. बातम्यांआधीची आकाशवाणीची टूं-टूं, शेवटच्या टूंला एन्टर. मी शहाणपणा करून मोबाईलवर तेच केंद्र लावलं. अण्णांच्या बातम्या सुरू झाल्या तरी माझी टूं यायचीच होती. नेटवरचा आवाज आधी साठतो, मग वाजतो. "शिळी वेळ," अण्णा म्हणाले.

मग मावसभावाने जर्मनीहून रेडिओ लहरी पकडून आपोआप लागणारं घड्याळ आणलं. फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून ७७.५ किलोहर्ट्झवर वेळ सुटते. दर सेकंदाला लाट क्षणभर दबते: दशांश सेकंद दबली तर शून्य, दोन दशांश दबली तर एक. असे ठिपके जोडत अख्खी वेळ कळायला एक मिनिट लागतं. पल्ला साधारण दोन हजार किलोमीटर. सावदा सहा हजारांच्याही पुढे. हे मला तीन रात्री पत्र्यावर चढून, घड्याळ पश्चिमेला धरून झाल्यावर कळलं. खालून अण्णा विचारायचे, "लागलं का रे?"

शेवटी अण्णांनीच ते आकाशवाणीवर लावलं. आता कॉम्प्युटर मी त्या घड्याळावरून लावतो. ते मात्र रोज रात्री फ्रँकफुर्टला हाका मारतं, सकाळपर्यंत थकतं आणि मुकाट्याने अण्णांचीच वेळ दाखवतं.