“पाच आठवडे झाले तरी बोका लंगडतोच” या अभिप्रायास दवाखान्याचे उत्तर

नमस्कार.

आमच्या घोडबंदर रस्त्यावरील दवाखान्याला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. आपल्या तक्रारी अशा आहेत : पहिल्या भेटीत आम्ही “मुका मार असेल” असे सांगून बोक्याला घरी पाठवले आणि तीन आठवडे वाया घालवले; नंतर खुब्याचे हाडच कापून टाकले आणि त्याच्या जागी काहीही बसवले नाही; शस्त्रक्रियेला पाच आठवडे होऊनही तो लंगडतो, आणि ओळखीचे सगळे पिंजऱ्यात ठेवायला सांगत असताना आम्ही मात्र पाय हलवा म्हणतो; बिल सांगितल्यापेक्षा 6,500 रुपयांनी जास्त आले; आणि फोनवर आपल्याला दरडावले गेले. रुग्णाची माहिती चारचौघांत मांडणे मला आवडत नाही, म्हणून आपण स्वतः जे लिहिले आहे त्याच्या आसपासच मी राहीन.

पहिली तक्रार खरी आहे. त्या दिवशी बोका अंग ताठ करून बसला होता, हात लावू देत नव्हता, आणि आम्ही भूल न देता आडव्या अंगाने एकच एक्स-रे काढला. खुब्याचा गोळा जागेवर आहे की नाही हे अशा एक्स-रेत सहज कळत नाही. त्यासाठी हलकी भूल देऊन, उताणे निजवून, दोन्ही मांड्या बेडकासारख्या बाजूला पसरून एक्स-रे घ्यावा लागतो, आणि तो त्याच दिवशी घ्यायला हवा होता. कुंपणावरून उडी चुकलेली मांजरे आमच्याकडे इतकी येतात की तरुण बोका मागचा पाय उचलून आला की मुका मार हाच विचार आधी येतो. ही आमची सवय आहे, सबब नव्हे. तो जुना एक्स-रे मी काल पुन्हा प्रकाशपेटीवर लावून पाहिला, तेव्हा मांडीच्या हाडाच्या मानेवरची धूसर कड मला आता दिसते, आणि ती तेव्हा दिसायला हवी होती असेच मी म्हणेन.

आता आजाराविषयी, कारण त्याशिवाय पुढचे पटणार नाही. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आणि त्याखालची मान यांच्यामध्ये कोवळ्या वयात कुर्चेची एक पट्टी असते, जिच्यातून हाड वाढते. मांजरात ती साधारण सात ते दहा महिन्यांच्या सुमारास भरून पक्की होते. लवकर नसबंदी झालेल्या बोक्यांत ती बराच काळ उघडी राहू शकते, आणि त्यात वजन जास्त असेल तर कोणताही मोठा मार न लागता गोळा त्या पट्टीवरून हळूहळू घसरतो. मग मानेचे हाड झिजू लागते. आपला बोका सोळा महिन्यांचा, वजन 6.2 किलो, आणि त्याची नसबंदी आमच्याच दवाखान्यात पाचव्या महिन्यात झालेली. “म्हणजे नसबंदीनेच झाले ना?” असे आपण विचारले आहे. तिचा वाटा असू शकतो, हे मी नाकारत नाही. पण नसबंदी झालेल्या बहुसंख्य बोक्यांना हा त्रास कधीच होत नाही, आणि वजनाची बाजू अशी आहे की ती आपण आणि आम्ही मिळून अजूनही सुधारू शकतो. वाटीभर कोरडे खाणे दिवसभर समोर ठेवण्याऐवजी मोजून दोन वेळा द्यावे, असे मी तेव्हाही सांगितले होते.

घसरलेला गोळा पिनांनी जागेवर बसवता आला नसता का, हा प्रश्न रास्त आहे. हाड नुकतेच मोडलेले असेल तर तसे करतात. इथे मान आतून झिजलेली होती, आणि भुसभुशीत भिंतीत खिळा ठोकावा तशी पिनेची गत झाली असती. म्हणून गोळा आणि मान काढून टाकली. माणसांत ही शस्त्रक्रिया ऑक्सफर्डच्या गर्डलस्टोन या सर्जनच्या नावाने ओळखली जाते. क्षयाने सडलेल्या खुब्यासाठी ते ती करीत. पुढे ती कुत्र्या-मांजरांत आली आणि हलक्या शरीराच्या प्राण्यांत चांगली रुळली. हाडावर हाड घासणे थांबते, मोकळ्या जागेत चिवट तंतूंची गादी तयार होते, आणि कुल्ह्याचे व मांडीचे स्नायू पायाला पेलून धरतात. कृत्रिम सांधा मांजरातही बसवतात, पण त्याचा खर्च आणि त्यासाठी लागणारी साधने वेगळीच. तो पर्याय मी आपल्यासमोर नीट मांडला नाही, एवढे मान्य करतो.

यातूनच पाय हलवण्याचे उत्तर मिळते. प्लेट किंवा पिन घातलेले हाड जुळेपर्यंत प्राण्याला पिंजऱ्यात ठेवतात, आणि आपल्या ओळखीच्यांनी बहुधा तेच पाहिले असावे. इथे जुळायला हाडच उरलेले नाही. सांधा न हलवता ठेवला तर ती तंतूंची गादी आखडून घट्ट होते, आणि बोका आयुष्यभर पाय वर धरून चालतो. म्हणून खोलीत मोकळा फिरू द्या, फक्त कपाटावर आणि खिडकीच्या कट्ट्यावर उडी नको. आणि दिवसातून तीनदा, खाण्याआधी, गुडघ्याजवळ हलका धरून पाय सायकल चालवल्यासारखा पुढे-मागे दहा वेळा न्या. मागे नेताना तो कान पाडू लागला की तिथेच थांबा. चकचकीत फरशीवर त्याचा पाय सरकतो, म्हणून खोलीभर सतरंजी अंथरा, आणि शी-शूसाठी उंच कडांच्या ट्रेऐवजी एखादी जुनी परात वापरा.

पाच आठवड्यांना लंगडणे म्हणजे शस्त्रक्रिया फसली असे नव्हे. पहिल्या दोन आठवड्यांत बोटे टेकणे, मग हळूहळू वजन घेणे, आणि सहा ते बारा आठवड्यांत पाय नेहमीच्या वापरात येणे, असा याचा साधारण क्रम असतो. थोडीशी वेगळी चाल आणि किंचित आखूड झालेला पाय कायमही राहू शकतो. मागच्या गुरुवारी मी शिंप्याकडच्या टेपने दोन्ही मांड्या मोजल्या तेव्हा डावी उजवीपेक्षा दोन सेंटिमीटरने बारीक भरली, पण वजनकाट्यावर उभा असताना त्याने डाव्या पायाचा पंजा पूर्ण टेकला होता, आणि नर्सने डबा वाजवला तेव्हा त्याच पायावर जोर देऊन तो वळला. तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी : सुरुवातीचे ते तीन आठवडे पाय वापराविना राहिला नसता, तर मांडी इतकी उतरली नसती. शस्त्रक्रिया तीच करावी लागली असती, परंतु आज आपण जे लंगडणे पाहता त्यात आमच्या उशिराचाही भाग आहे.

बिलाबद्दल. आम्ही 28,000 रुपयांचा अंदाज दिला होता, बिल 34,500 झाले. शस्त्रक्रियेनंतर बोक्याने दीड दिवस तोंडाला काही लावले नाही, आणि वजनदार मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचून जीवावर बेतते, म्हणून दोन रात्री जास्त ठेवून रक्त पुन्हा तपासले. ठेवण्याचा निर्णय बरोबर होता. आपल्याला आधी फोन करून खर्च न सांगणे चूक होते. मुक्कामाचे 3,000 रुपये आणि पहिल्या भेटीची फी व एक्स-रे मिळून 1,800 रुपये आम्ही परत करीत आहोत. औषधे आणि रक्ततपासणीचे पैसे परत करणार नाही.

फोनवर दरडावणारा मीच होतो. शेजाऱ्यांनी तापाची गोळी सुचवली आहे आणि ती अर्धी देते, असे आपण म्हणालात, आणि माझा आवाज चढला. त्या आवाजाबद्दल क्षमस्व. पण पॅरासिटामॉल निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. रक्त प्राणवायू वाहून नेण्याचे सोडते, हिरड्या तपकिरी पडतात, आणि एका गोळीतही मांजर दगावू शकते. नकार मी आजही तोच देईन, फक्त हळू आवाजात.

उजव्या खुब्याकडेही लक्ष ठेवावे लागेल, कारण हा आजार पुष्कळदा दोन्ही बाजूंना होतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी उजवी बाजू स्वच्छ दिसली होती, तरी दोन महिन्यांनी भूल देऊन पुन्हा एक्स-रे घ्यावा असे माझे मत आहे, आणि तो आम्ही विनामूल्य घेऊ. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर दोन्ही वेळचे एक्स-रे आणि शस्त्रक्रियेची टिपणे काउंटरवर आपल्या नावाने पाकिटात ठेवली आहेत. तोवर घोडबंदरच्या गर्दीतून दर आठवड्याला त्याला आणू नका. सतरंजीवर चालतानाचा मागून आणि बाजूने घेतलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवलात तरी मला पुरेल.